ट्विकनम : आसऱ्याला आलेल्यांचं गाव

माझं माहेर गोव्यातल्या फोंड्याचं, सासर साताऱ्याचं. साताऱ्याच्या एका शाळेत एकतीस वर्षं इतिहास शिकवला आणि निवृत्त झाले. लेक लंडनच्या नैऋत्येला, ट्विकनमला लागून असलेल्या व्हिटनमध्ये राहते. याआधी तीनदा तिच्याकडे जाऊन आले. प्रत्येक वेळी टॉवर, राजवाडा, म्युझियमं अशी धावपळ झाली, पण तिच्या घराशेजारचं गाव राहूनच गेलं. या वेळी तिला सांगून टाकलं, "मला लंडन नको. पाच दिवस फक्त ट्विकनम." नातवाला सुट्टी नव्हती, जावयांना कामावर जायचं होतं, लेकीने तेवढी रजा काढली.

ट्विकनम थेम्सच्या उत्तर काठावर आहे. वॉटर्लूला लोकल धरली की साधारण अर्ध्या तासात पोहोचता येतं. जगाला ते रग्बीच्या स्टेडियममुळे ठाऊक आहे. इंग्रजीच्या प्राध्यापकांना ते कवी अलेक्झांडर पोपमुळे ठाऊक असेल. मला ओढ होती ती तिथल्या एका घराची. त्याच्याबद्दल दुसऱ्या दिवशी सांगते.

पहिला दिवस, बुधवार

सकाळी दहाला निघालो. चर्च स्ट्रीट नावाची अरुंद, फरशीची गल्ली आहे. दोन्ही बाजूंना छोटी दुकानं, आणि गल्ली उतरत उतरत सेंट मेरीज चर्चपाशी येते. चर्च बघताक्षणी काहीतरी जुळत नाहीसं वाटतं. मनोरा ओबडधोबड दगडाचा, मध्ययुगातला, आणि त्याला चिकटलेली मुख्य इमारत लाल विटांची, नीटनेटकी. त्याचं कारण असं की १७१३ साली जुना सभामंडप एका रात्रीत कोसळला. तेव्हा चर्चचे व्यवस्थापक होते राजदरबारचे चित्रकार सर गॉडफ्रे नेलर, तेही याच गावचे रहिवासी. त्यांच्या काळात जॉन जेम्स या वास्तुविशारदाने नवा मंडप उभारला. मनोरा मात्र तसाच राहिला.

पोप इथेच पुरलेला आहे. वेस्टमिन्स्टर ॲबीत जागा मिळावी एवढा मोठा कवी, पण त्याला आईवडिलांजवळच राहायचं होतं. फरशीतल्या एका दगडावर नुसतं 'पी' हे अक्षर आहे, बाकी काही नाही.

पण मी जिथे जास्त वेळ उभी राहिले ती जागा चर्चच्या बाहेर आहे. भिंतीवर एक साधी शिळा बसवली आहे. मेरी बीच नावाच्या बाईची. १७२५ च्या नोव्हेंबरात, ७८ व्या वर्षी ती वारली. शिळेवरच्या मजकुराचा अर्थ असा: अलेक्झांडर पोपला तिने तान्हेपणी सांभाळलं, पुढे ३८ वर्षं सतत त्याची सेवा केली, त्या विश्वासू सेविकेच्या उपकारापोटी त्याने हा दगड बसवला. पोपला लहानपणीच हाडांचा क्षय झाला. पाठीला बाक आला, उंची साडेचार फुटांवर थांबली. मोठेपणीही त्याला कपडे चढवायला, घट्ट पट्ट्यांनी पाठ आवळायला दुसऱ्याचा हात लागत असे. म्हणजे ३८ वर्षं हा शब्द हलका नाही. अक्षरांच्या खाचांमध्ये शेवाळ धरलं होतं. मी रुमालाच्या टोकाने एका अक्षरातलं शेवाळ पुसलं. लेक म्हणाली, "आई, हात लावू नकोस ग." बरोबरच होतं तिचं, पण राहवलं नाही. आमच्याकडे कितीतरी घरांत अशी एखादी बाई असायची, मुलांना आईहून जास्त तिचा लळा. तिचं नाव कुठल्या दगडावर कोरलेलं मी पाहिलेलं नाही.

त्याच आवारात थॉमस ट्वायनिंगचंही दफन झालं आहे. होय, चहावाले ट्वायनिंग. लंडनमध्ये चहा विकून चार पैसे गाठीला आल्यावर १७२२ साली त्याने चर्चशेजारीच घर घेतलं. दर्शनी भिंतीवर सूर्यघड्याळ आहे, म्हणून नाव डायल हाउस. आम्ही तिथून पुढे नदीवर गेलो आणि भरतीने अडवलं. थेम्सला इथपर्यंत समुद्राची भरती लागते. मोठी भरती असली की काठावरचा रस्ता पाण्याखाली जातो. समोर ईल पाय बेट, आणि आमच्या पायांशी हळूहळू वर चढणारं पाणी. बेटावर जायला एक चिंचोळा पूल आहे. तिथल्या हॉटेलात १९६३ च्या सुमारास रोलिंग स्टोन्स वाजवायचे, तेव्हा ते नवखे होते. चावीवर चालणाऱ्या रेडिओचे जनक ट्रेव्हर बेलिस याच बेटावर राहत, २०१८ मध्ये तिथेच वारले. आफ्रिकेतल्या खेड्यापाड्यांत वीज नाही, बॅटरी परवडत नाही, मग एड्सची माहिती पोहोचणार कशी, हा कार्यक्रम टीव्हीवर बघता बघता त्यांना ही कल्पना सुचली. मला हा माणूस फार आवडला.

दुसरा दिवस, गुरुवार

आज यॉर्क हाउस. रात्री झोप नीट लागली नव्हती, एवढी उत्सुकता होती.

साताऱ्यात राहिलेल्या माणसाला ग्रँट डफ हे नाव सांगावं लागत नाही. १८१८ ला पेशवाई बुडाली, कंपनी सरकारच्या एल्फिन्स्टनने साताऱ्याला प्रतापसिंह महाराजांपाशी कॅप्टन जेम्स ग्रँट डफला नेमलं. १८२२ पर्यंत तो तिथे होता. कागदपत्रं, बखरी, सनदा जमवल्या आणि १८२६ साली त्याचा मराठ्यांचा इतिहास तीन खंडांत छापून आला. त्यातल्या चुका दाखवण्यापासूनच आपल्याकडची इतिहाससंशोधनाची परंपरा सुरू झाली असं म्हटलं तरी चालेल. नीळकंठ जनार्दन कीर्तने यांची टीका प्रसिद्धच आहे. मी आठवीच्या वर्गात दरवर्षी सांगायचे, "ज्याच्याशी भांडावं असा पहिला इतिहासकार आपल्याला साताऱ्याने दिला."

या ग्रँट डफला स्कॉटलंडला परतल्यावर १८२९ मध्ये मुलगा झाला. आपल्या जुन्या साहेबाच्या आठवणीने त्याने मुलाचं नाव ठेवलं माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन. हा मुलगा पुढे खासदार झाला, भारत खात्याचा उपमंत्री झाला, १८८१ ते १८८६ मद्रासचा गव्हर्नर होता. चेन्नईच्या मरीनाला मरीना हे नाव त्यानेच दिलं. आणि १८७६ साली त्याने ट्विकनममध्ये जे घर विकत घेतलं, ते हे यॉर्क हाउस.

फाटकातून आत शिरले तेव्हा छातीत धडधडत होतं. लाल विटांचं, सतराव्या शतकातलं घर, उंच खिडक्या. आज तिथे स्थानिक कौन्सिलची कचेरी आहे. कर्मचारी गळ्यात ओळखपत्रं अडकवून ये-जा करत होते. एक नवविवाहित जोडपं पायरीवर फोटो काढून घेत होतं, इथे लग्नं नोंदवली जातात. मी मनात म्हणत होते, साताऱ्यात जमवलेल्या कागदांचं काही ना काही बोलणं या भिंतींनी ऐकलं असणार. बाप १८५८ ला वारला, घर मुलाने घेतलं त्यानंतर अठरा वर्षांनी. तरी मुलाने बापाच्या गोष्टी इथे कोणाला तरी सांगितल्याच असतील.

धाकट्या ग्रँट डफने हे घर १८९७ मध्ये फ्रान्सच्या ऑर्लियन्स घराण्याच्या ड्यूकला विकलं. तो ड्यूक याच घरात १८६९ साली जन्मला होता, कारण त्याच्या आईवडिलांना फ्रान्समधून परागंदा व्हावं लागलं होतं. आणि १९०६ मध्ये त्याच्याकडून घर घेतलं ते आपल्या रतन टाटांनी. हे आपण अलीकडे गमावले ते रतन टाटा नव्हेत. हे सर रतन, जमशेटजींचे धाकटे चिरंजीव, १८७१ चा जन्म. त्यांना मूल नव्हतं. त्यांच्या पश्चात पत्नी नवाजबाईंनी अनाथालयातल्या नवल नावाच्या मुलाला दत्तक घेतलं, आणि त्या नवल टाटांचे चिरंजीव म्हणजे आपल्या पिढीचे रतन टाटा, जे लहानपणी आजी नवाजबाईंच्याच हाताखाली वाढले. लेकीला हा धागा माहीत नव्हता. ती पायरीवर बसूनच राहिली. "म्हणजे त्यांची आजी इथे राहत होती? माझ्या बसस्टॉपच्या मागे?"

इथे राहणाऱ्या सर रतन यांनी दिलेलं दान कुठे कुठे गेलं ते पाहिलं की थक्क व्हायला होतं. गोखल्यांच्या भारत सेवक समाजाला वर्षाला दहा हजार रुपये. १९०९ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या गांधींच्या लढ्याला पंचवीस हजार, आणि पुढे पुन्हा पुन्हा, मिळून सव्वा लाख. पाटणा शहराखाली गाडलेल्या पाटलिपुत्राच्या उत्खननाला १९१३ पासून पैसा. पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या इमारतीला भाऊ दोराबजींसह देणगी. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला १९१२ मध्ये, गरिबी का होते याचा अभ्यास करायला. त्या पैशातून उभ्या राहिलेल्या विभागात तरुण क्लेमंट ॲटली शिकवत असत, ज्यांच्या पंतप्रधानकीत १९४७ ला आपल्याला स्वातंत्र्य मिळालं.

घराच्या मागे रस्ता आहे, त्यावरून एक दगडी पूल नदीकाठच्या बागेत जातो. पूल ओलांडला आणि समोर कारंजं. मोठमोठ्या खडकांवर संगमरवरी स्त्रिया, माणसापेक्षा मोठ्या आकाराच्या, कोणी खडकावर चढते आहे, कोणी पाण्याकडे झुकली आहे, आणि सर्वांत वर शिंपल्याच्या रथात व्हीनस, पंखवाल्या घोड्यांसह. गावकरी यांना सरळ 'उघड्या बायका' म्हणतात. मी जवळ जाऊन एकीकडे बराच वेळ बघत राहिले. तिचा एक हात वरच्या बाईकडे ताणलेला आहे आणि तिच्या कोपराखाली, जिथे पाणी सतत टपकतं, तिथे संगमरवर हिरवट-काळा झाला आहे. दंडावर एक कोळी जाळं विणत बसला होता. इटलीत घडवलेला हा दगड इथे पोहोचला त्याची कथा दुःखी आहे. व्हिटकर राइट नावाच्या बड्या भांडवलदाराने आपल्या सरेमधल्या हवेलीसाठी ही शिल्पं मागवली. १९०४ च्या जानेवारीत फसवणुकीबद्दल त्याला सात वर्षांची शिक्षा झाली आणि कोर्टाच्या इमारतीतच त्याने सायनाइड घेतलं. मालमत्ता विकायला निघाली. शिल्पं रतन टाटांनी घेतली आणि इथे बसवली. दुसऱ्या महायुद्धात चांदण्यात ही पांढरी शिल्पं चमकून जर्मन विमानांना वाट दाखवतील म्हणून त्यांना चिखल-काजळी फासली होती, असं इथले लोक सांगतात.

सर रतन ५ सप्टेंबर १९१८ ला कॉर्नवॉलमधल्या सेंट आइव्ह्जला वारले. ब्रुकवुडच्या दफनभूमीत वडिलांशेजारी त्यांची समाधी आहे. त्यांनी जमवलेल्या कलावस्तू मुंबईच्या म्युझियमला मिळाल्या, आजही तिथे बघता येतात. घर नवाजबाईंनी कौन्सिलला विकलं, आणि १९२६ पासून गावाचा कारभार तिथून चालतो.

संध्याकाळपर्यंत तिथेच बाकावर बसलो होतो. डबा आणला होता, मेथीचे ठेपले आणि लोणचं. पारशी माणसाच्या बागेत ठेपले खाणं मला फार योग्य वाटलं.

तिसरा दिवस, शुक्रवार

आज बरंच चालणं. आधी सेंट मार्गारेट्सच्या बाजूला टर्नरचं घर, सँडिकम लॉज.

जे. एम. डब्ल्यू. टर्नर, इंग्लंडचा सर्वांत मोठा निसर्गचित्रकार. १८१३ मध्ये त्याने हे घर स्वतः आराखडा काढून बांधलं. आधी नाव दिलं होतं सोलस लॉज. लॅटिनमध्ये सोलस म्हणजे एकटा. घर इतकं लहान की आपल्या पुण्यातला एखादा टू बीएचके त्यापेक्षा ऐसपैस असेल. मधे वळणाचा जिना, वरून आकाशाचा उजेड, बाजूला दोन छोट्या खोल्या. दुसऱ्या महायुद्धात इथे वैमानिकांचे चष्मे बनवायचा कारखाना होता. नंतर घर ओलं होऊन खचायला आलं. ज्या प्राध्यापकाचं ते होतं, त्याने ते लोकांसाठी ठेवून दिलं आणि त्याच्या मागे २०१७ मध्ये ते मूळ रूपात आणून उघडण्यात आलं.

मला मात्र टर्नरपेक्षा त्याचा बाप जास्त लक्षात राहिला. विल्यम टर्नर, कोव्हेंट गार्डनचा न्हावी. दाढ्या करता करता आलेल्या गिऱ्हाइकांना मुलाची चित्रं दाखवायचा. मुलगा मोठा झाल्यावर बाप त्याचा मदतनीस झाला. कॅनव्हास ताणायचा, इथली बाग राखायचा. लंडनला टर्नरची स्वतःची गॅलरी होती, ती उघडायला त्याला रोज जावं लागे. सुरुवातीला पायी जायचा. मग एका माळ्याशी त्याची ओळख झाली, तो भाजीची गाडी घेऊन बाजाराला जायचा. एक पेला जिन पाजायचा आणि भाजीच्या ढिगावर बसून जायचं, असं ठरलं. कोबी-गाजरांवर बसून मुलाची गॅलरी उघडायला निघालेला म्हातारा बाप मला स्वयंपाकघराच्या त्या खोलीत उभी असताना अगदी दिसला. बापाची तब्येत ढासळली म्हणून १८२६ मध्ये टर्नरने घर विकलं. गावातल्या पोरांनी टर्नरला 'ब्लॅकबर्डी' नाव पाडलं होतं, कारण बागेतल्या पाखरांच्या घरट्यांना हात लावू देत नसे.

तिथून नदीकडे गेलो, मार्बल हिलला. पांढरं, चौकोनी, देखणं घर, भोवती विस्तीर्ण हिरवळ. हे घर हेन्रिएटा हॉवर्ड या बाईचं. तिच्याबद्दल पुस्तकांत लिहितात ते 'दुसऱ्या जॉर्जची रखेली' म्हणून. मला ते अपुरं वाटतं. लहानपणी आईबाप गेले, लग्न झालं ते दारुड्या आणि मारहाण करणाऱ्या माणसाशी. ऐकूही कमी येत असे. दरबारात नोकरीला लागली ती पोट भरायला. १७२३ मध्ये राजपुत्राने, म्हणजे पुढच्या दुसऱ्या जॉर्जने, तिच्या नावे साडेअकरा हजार पौंडांचं समभागांचं दान केलं, आणि त्याचा मजकूर असा काळजीपूर्वक लिहिला की नवऱ्याला त्याला हात लावता येऊ नये. त्या पैशातून तिने नदीकाठी जमीन घेतली आणि घर उभं केलं. त्या काळात नवरा जिवंत असताना बायकोच्या हाती असं घर येणं किती दुर्मीळ होतं, ते कायदा ठाऊक असणारी कोणीही सांगेल. पोप तिचा शेजारी आणि मित्र, बागेचा आराखडा करण्यात त्याचाही हात होता. १७३४ मध्ये दरबार सोडून ती इथे आली आणि १७६७ पर्यंत इथेच राहिली. वरच्या दिवाणखान्याच्या खिडकीतून नदीपर्यंत एकच सरळ हिरवळ दिसते. मी तिथे उभी होते तेव्हा दोन बायका बाकावर बसून गप्पा मारत होत्या, आणि मला फार बरं वाटलं.

पाचच मिनिटांवर ऑर्लियन्स हाउस. घर १९२६ मध्ये पाडलं, उरली ती अष्टकोनी खोली, आतून गुलाबी-पांढऱ्या गिलाव्याची. १८१५ ते १८१७ इथे त्याच ऑर्लियन्स घराण्यातला लुई फिलिप राहिला. फ्रेंच राज्यक्रांतीत बापाचं डोकं उडवलेलं, स्वतः देशोधडीला लागलेला. त्या वणवणीत त्याने स्वित्झर्लंडमधल्या एका शाळेत खोट्या नावाने भूगोल आणि गणित शिकवलं होतं. मास्तरकी केलेला राजा! १८३० मध्ये तो खरोखरच फ्रान्सचा राजा झाला आणि १८४८ मध्ये पुन्हा पळून इंग्लंडलाच आला.

अष्टकोनाच्या पायरीवर बसून लेकीला म्हटलं, "बघ, इथे जो येतो तो कुठून तरी हाकललेला, नाहीतर थकलेला. नवऱ्याला कंटाळलेली, क्रांतीतून निसटलेला, लंडनच्या गर्दीला विटलेला." ती म्हणाली, "टाटा?" ते मात्र या रांगेत बसत नाहीत. त्यांना कोणी हाकललं नव्हतं. ते आपल्या पैशाने, ताठ मानेने मालक म्हणून आले.

चौथा दिवस, शनिवार

पोपची गुहा काही ठरावीक दिवशीच दाखवतात, म्हणून शनिवार राखून ठेवला होता.

कॅथलिकांना लंडनच्या दहा मैलांच्या आत राहण्यास मनाई होती. पोप कॅथलिक. होमरच्या काव्याचं भाषांतर करून त्याला चांगला पैसा मिळाला, आणि १७१९ मध्ये आईला घेऊन तो इथे नदीकाठी आला. घर आणि बाग यांच्या मधोमध वाहता रस्ता. लोकांच्या नजरेतून जायला नको म्हणून त्याने रस्त्याखालून भुयार खणलं, आणि त्या भुयाराचीच गुहा केली. आज ती एका शाळेच्या आवारात आहे. वर गाड्यांचा आवाज येतो, आत गारवा.

पोपचं घर पुढे १८०८ मध्ये तेव्हाच्या मालकीणबाईंनी पाडलं. प्रवासी सारखे घर बघायला येतात याचा त्यांना त्रास होत होता. गावाने त्यांना 'गॉथांची राणी', म्हणजे रोम लुटणाऱ्या रानटी टोळ्यांची राणी, असं नाव ठेवलं. टर्नर तेव्हा इतका हळहळला की त्याने त्या पडक्या घराचं चित्र काढलं.

आमच्याबरोबर वाट दाखवायला एक वयस्कर स्वयंसेविका होत्या. त्यांनी बॅटरी एका कोपऱ्यावर धरली आणि भिंत चमकली. कॉर्नवॉलच्या खाणींतली खनिजं, स्फटिक, एका बाजूला षटकोनी काळे बेसाल्टचे तुकडे, आयर्लंडच्या समुद्रकाठावरून आलेले. कोकणातल्या आणि सह्याद्रीतल्या कातळाचा भाऊच तो. ओळखीचा दगड परक्या भिंतीत बघून मी तो सहज बोटाने चाचपला, थंडगार आणि दाणेदार. मित्रांनी एक एक दगड पाठवावा आणि याने तो भिंतीत बसवावा, असं वर्षानुवर्षं चाललं होतं.

पोपने १७२५ मध्ये एका पत्रात लिहून ठेवलं आहे की गुहेची दारं लावली की ती अंधारी पेटी होते आणि नदी, टेकड्या, नावा यांची चित्रं भिंतीवर हलताना दिसतात. म्हणजे बाहेरच्या जगात ज्याला धड चालता येत नव्हतं, त्याच्या भिंतीवर जग चालून येत होतं. दुपारी स्ट्रॉबेरी हिललाही गेलो. होरेस वॉलपोलचं कळसा-कमानींचं पांढरं घर, कागदाच्या लगद्याचं सोनेरी छत. पहिली गॉथिक, म्हणजे जुन्या वाड्यांतल्या भयाची, कादंबरी लिहिणारा आणि इंग्रजीला 'सेरेंडिपिटी', म्हणजे ध्यानीमनी नसताना काही छान सापडणं, हा शब्द देणारा हा माणूस. दिवसाला चारच पाहुण्यांना तिकीट द्यायचा आणि लहान मुलांना मज्जाव. घर सुंदर आहे, पण गुहेतून आल्यावर माझं लक्ष लागलं नाही.

पाचवा दिवस, रविवार

शेवटचा दिवस लेकीने सुचवला. "आई, इथे एक लिस्बन ॲव्हेन्यू आहे. मी रोज बसमधून पाटी बघते. तुझा गोव्याशी संबंध म्हणून." मी सहज चौकशी केली आणि चाटच पडले.

१ फेब्रुवारी १९०८ ला लिस्बनमध्ये राजा कार्लुश आणि युवराज यांना रस्त्यात गोळ्या घातल्या. धाकटा मानुएल, अठरा वर्षांचा, त्याच गाडीत होता, वाचला आणि राजा झाला. गोवा त्याच्याच राज्यात. ५ ऑक्टोबर १९१० ला पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक आलं, मानुएल इंग्लंडला आला आणि शेवटी ट्विकनमच्या फुलवेल पार्कमध्ये स्थिरावला. २ जुलै १९३२ ला, बेचाळिसाव्या वर्षी, तिथेच अचानक घशाला सूज येऊन गेला. जुनी पोर्तुगीज पुस्तकं जमवणं आणि त्यांची सूची लिहिणं हेच त्याचं काम झालं होतं. पहिल्या महायुद्धात जखमी सैनिकांच्या इस्पितळासाठी त्याने बरंच केलं.

लवकरच हवेली पाडली, इस्टेट प्लॉट पाडून विकली गेली. आज तिथे जोडघरांच्या सरळ रांगा. मनोएल रोड, लिस्बन ॲव्हेन्यू, पोर्तुगाल गार्डन्स, राणीच्या नावाने ऑगस्टा रोड. दारात गुलाब, खिडकीत मांजर, रस्त्यावर लावलेल्या गाड्या. एक शीख आजोबा अंगणातलं गवत कापत होते.

माझी आजी सांगायची, "राजा गेलो, रिपब्लिक आयली, मगे आमकां नोकऱ्यो मेळपाक लागल्यो." राजवटीत कॅथलिक धर्म सरकारी होता. प्रजासत्ताकाने हिंदूंना बरोबरीचा हक्क दिला आणि आमचे आजोबा त्यानंतर सरकारी नोकरीत लागले. माझ्या माहेरची सगळी शिकलेली पिढी त्या नोकरीतून आली. ज्या माणसाचं राज्य गेलं म्हणून आमचं घर वर आलं, त्याच्या नावाच्या पाटीखाली मी उभी होते. त्याच्याबद्दल मला राग आला नाही. अठरा वर्षांचं पोर, बाप आणि भाऊ डोळ्यांसमोर मेलेले.

फोंड्याला भावाला फोन लावला. तिकडे संध्याकाळचे साडेसात वाजले होते, तो दिवाबत्ती करून बसला होता. मी पाटीचा फोटो पाठवला. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, "थांब, आजोबांचा नेमणुकीचा कागद कपाटात आहे."

लेक मनोएल रोडच्या कोपऱ्यावर बसची वाट बघत उभी होती. फोन वाजला. भावाने पाठवलेला फोटो, पिवळा पडलेला, घड्यांवर विरलेला कागद, खाली आजोबांचं वळणदार नाव. वर छापील अक्षरांत 'रेपुब्लिका पोर्तुगेझा'. बस आली. मी फोन लेकीच्या हातात दिला आणि आम्ही चढलो.